सरकारनं गिळलेला शुक्रवार

ज्या रविवारी तिरेसाचा चेहरा कॉम्प्युटरवर उमटला नाही, त्या रविवारी लागीनं आईच्या पानात पालुसामीचा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या पानांचा, आणखी एक गोळा वाढला आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. सकाळी चर्चमध्ये मानले होते ते वेगळे. ते सगळ्या गावाबरोबर मानायचे असतात. हे तिचे स्वतःचे, खासगी होते.

"काय झालं गं याला?" आई चष्मा पुसत पडद्याला नाक लावून बसली. "मागच्या रविवारी तर चांगली बोलत होती."

"नेट नसेल."

"नेट नाही कसं? मघाशी रग्बीचा निकाल दिसला की. चर्चच्या गाण्यांची साइट उघडली. पत्ते खेळून झाले. तिरेसाच तेवढी उघडत नाही."

"नसेल उघडायचं तिच्या मनात," लागी म्हणाली आणि पानं उचलायला वाकली, कारण तोंडावरचं हसू लपवायला तेवढीच जागा होती.

लागी थोरली, तिरेसा धाकटी. लागी पन्नाशीची, बिनलग्नाची, सवाई बेटाच्या किनाऱ्यावरच्या या घरात आईजवळ राहिलेली. तिरेसा तरुणपणीच ऑकलंडला गेली, ऑफिसात लागली, नवरा मिळवला, मुलं झाली, आणि दुरून डोंगर साजरे म्हणतात तशी दिवसेंदिवस जास्तच साजरी होत गेली. पहाटे उठून तारोच्या कंदांच्या मळ्यात जायचं, ओझं पाठीवर घेऊन यायचं, रविवारी उजाडायच्या आत उमूचे, म्हणजे जमिनीवरच्या भट्टीचे, दगड तापवायचे, आईचे गुडघे चोळायचे, ही कामं लागीची. महिन्याला पैसे पाठवून नाव मिळवायचं, हे काम तिरेसाचं. गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "माझी तिरेसा ना, फार करते हो." लागी तेव्हा शेजारीच उभी असायची, हातात आईची छत्री धरून.

आणि आईची रविवारची ती तऱ्हा! लागीच्या हातचं जेवायचं, हात धुवायचे, मग कानामागं ताजं फूल खोवून, चर्चची पांढरी टोपी परत नीट करून कॉम्प्युटरपुढं बसायचं. खायचं लागीचं, नटायचं तिरेसासाठी. पडद्यावर तिरेसा उमटली की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वाळलीस गं. जेवतेस ना नीट?"

वाळलीस म्हणे! ते गाल पडद्यात मावत नव्हते. लागीच्या गळ्याची हाडं वर आली होती, तिला या घरात कुणी एवढ्या वर्षांत जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. जो स्वतःच रांधतो तो जेवतच असणार, असा सगळ्यांचा समज असतो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तो कॉम्प्युटरसुद्धा तिरेसाचाच. तिच्या ऑफिसानं मोडीत काढलेला. तिनं तो पिंपात घालून, भोवती डबाबंद मांसाचे डबे आणि जुने टॉवेल कोंबून बोटीनं पाठवला होता. आई जन्माची शाळामास्तरीण. गावातल्या निम्म्या लोकांना पहिली अक्षरं तिनंच गिरवायला लावलेली. चार दिवसांत ती कॉम्प्युटर शिकली. पहाटे लागीच्याही आधी उठायची, मशीन लावायची, थोडं बायबल वाचायची, थोडे पत्ते खेळायची. लागी मात्र त्या मशीनकडं सवतीकडं बघावं तसं बघायची.

पण खरी आग लागली होती ती गेल्या डिसेंबरात.

त्या वर्षी सरकारनं ठरवलं की आपला देश तारखेच्या रेषेच्या चुकीच्या बाजूला पडलाय. न्यूझीलंडला सोमवार असतो तेव्हा आपल्याकडं रविवार, मग व्यापार करायचा कसा? म्हणून गुरुवारी रात्री सगळ्यांनी झोपायचं आणि शनिवारी सकाळी उठायचं. मधला शुक्रवार, तीस डिसेंबर, रद्द. आणि तीस डिसेंबरला आईला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती.

"माझाच दिवस सापडला का रे यांना गिळायला?" आई त्या महिन्यात भेटेल त्याला विचारायची. पाद्रीबाबांनाही विचारलं. ते म्हणाले, देवाकडं सगळे दिवस जमा असतात. आई म्हणाली, देवाकडं असतील, मला माझ्या घरात हवाय.

लागीनं तोडगा काढला होता. वाढदिवस शनिवारी करायचा. त्यासाठी तिनं वर्षभर एक डुक्कर पोसलं होतं, नारळाच्या खोबऱ्यावर, स्वतःच्या हातानं. दगड तापवायला चुलतभाऊ सांगून ठेवले होते. नवी चटई विणली होती. या एका दिवशी तरी सगळ्या गावासमोर आई म्हणेल, माझ्या लागीनं केलं. लागीचे मनातले मांडे भाजून तयार होते.

आणि गुरुवारी दुपारी तिरेसाचा फोटो पडद्यावर थरथरला. इकडं गुरुवार होता, पण ऑकलंडला शुक्रवार उजाडलेला, तीस तारीख! तिकडं तो दिवस कुणी गिळला नव्हता. तिरेसानं हॉल घेतला होता. दोनशे माणसं, चर्चचं गाणारं मंडळ, तीन मजली केक आणि त्यावर साखरेत आईचं नाव. सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. आई पडद्याला हात लावून रडत होती. "लागी, ये ना गं, बघ तरी!" तिनं दोनदा हाक मारली. लागी मागच्या बाजूला खोबरं किसत होती. किसणीच्या आवाजातही गाणं आणि दोन्ही हाका तिला ऐकू आल्या. ती गेली नाही.

शनिवारी सकाळी चुलतभाऊ लाकडं घेऊन आले तेव्हा लागी अंगणातच उभी.

"परत जा," ती म्हणाली. "वाढदिवस झाला."

"कधी झाला? काल तर दिवसच नव्हता."

"तिकडं झाला. मोठा झाला. एका बाईला दोनदा पंच्याहत्तरी लागत नाही."

भाऊ एकमेकांकडं बघत लाकडं टाकून निघून गेले. डुक्कर वाचलं. सरकारनं दिवस खाल्ला म्हणून याचा जीव वाचला, असं म्हणून शेजाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं सरकारी. आई तेव्हा कॉम्प्युटरपुढं बसली होती. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "लागी, गंमत बघ. या मशीनला अजून सरकारचा हुकूम पोचलेला नाही. हे म्हणतं आज शुक्रवारच आहे."

"असेल," लागी म्हणाली आणि चटया झटकायला गेली. त्या दिवशी तिनं चटया इतक्या झटकल्या की एकीची कड उसवली.

*

बिघाड एकदम झाला नाही. हळूहळू, एकेक दार लागत गेलं. आधी बँकेची साइट उघडेना. मग मेल उघडेना. बातम्या, गाणी, पत्ते सगळं ठीक. मग ईस्टरच्या पुढच्या रविवारी, जिथं तिरेसा दिसायची ती साइट बंद. मध्ये एक पांढरी चौकट यायची, इंग्रजीत काहीतरी बोलायची. लागी ती न वाचताच, आईला चष्मा लावायचीही सवड न देता, बंद करायची. दारावर आलेल्या विक्रेत्याचं कुणी ऐकून घेतं का?

सुंठेवाचून खोकला गेला होता. लागीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार सुरू झाले. जेवण झालं की आई चटईवर लवंडायची, लागी तिच्या पायांना खोबरेल चोळायची, समुद्रावरून वारा सरळ घरातून आरपार जायचा. आई जुन्या गोष्टी सांगायची. वडील पहिल्यांदा मागणी घालायला आले तेव्हा वादळानं त्यांची होडीच पलीकडच्या गावात नेली, तिथल्या लोकांना वाटलं आपल्याच मुलीसाठी आलाय. हे लागीनं कधीच ऐकलं नव्हतं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"हे तिरेसाला सांगायला हवं," आई म्हणाली.

लागीनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"तिला काय करायचंय होडीचं? तिच्याकडं गाडी आहे."

आई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग समुद्राकडं वळली.

फोन होता, पण आईला फोनवर ऐकू येत नसे. ती नुसती "हो, हो, देव बरं करो" म्हणायची आणि लागीकडं द्यायची. त्यामुळं बहिणींना एकमेकींशी बोलावं लागे. हे दोघींनाही कडू औषधासारखं वाटे.

"बिल भरलंस का नेटचं?" तिरेसानं विचारलं.

"भरलंय. तू पाठवलेल्या पैशातनंच भरलंय, घाबरू नकोस."

"मी तसं म्हटलं का? तुला सरळ बोललेलं कळतच नाही. तीन महिने झाले लागी, मी आईचं तोंड बघितलं नाही."

"मी रोज बघते. बरं आहे तोंड."

मग तिरेसा म्हणाली, "मी ऑगस्टमध्ये येते. आईला घेऊन जाते, कायमची. पाद्रीबाबांशी बोललेय मी. तुला एक साधा कॉम्प्युटर नीट ठेवता येत नाही, आई काय ठेवणार आहेस?"

लागीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं तोंडाला येईल ते सुनावलं, तिरेसानं त्याहून जास्त. शेवटी फोनमधले पैसे संपले म्हणून भांडण संपलं. पण रात्री मच्छरदाणीत पडल्यावर लागीला दिसलं ते एवढंच. जो बिघाड ती देवाची कृपा म्हणून जपत होती, तोच आता तिची आई घेऊन चालला होता. आता तो दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि दुरुस्त केला की रविवार पुन्हा तिरेसाचे. इकडं आड, तिकडं विहीर. तरी आडात पाणी कमी म्हणून तिनं आड निवडला.

*

पहिल्यांदा तिनं कॉम्प्युटर पुसला. मग सगळ्या तारा काढून परत लावल्या. मग मशीनला खोवलेली नेटची कांडी घेऊन पाद्रीबाबांच्या घरी गेली. पाद्रीणबाई लोनिसे आपल्या नव्या मशीनवर बसलेली. कांडी तिथं लावली तर सगळं उघडलं. बँक, मेल, सगळं.

"तुझं मशीन म्हातारं झालं गं," लोनिसे म्हणाली. "तिरेसाला सांग, नवीन पाठवेल. ती फार करते."

"हो, फार करते," लागी म्हणाली आणि कांडी जरा जास्तच जोरात ओढून काढली.

म्हणजे नेट निर्दोष. मग दुसऱ्या दिवशी तिनं मशीन कमरेला नेसायच्या लावालावात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि बसनं सालेलोलोगाच्या बाजारात गेली. तिथं इओसेफोचं दुकान. तो कॉम्प्युटर, फोन, पंखे आणि प्रसंगी दातांच्या कवळ्याही दुरुस्त करायचा. त्यानं मशीन आत नेलं, बराच वेळ काहीबाही केलं, शिट्टी वाजवली, आणि बाहेर आणून लावलं. बँक उघडली. मेल उघडलं. भेटीची साइटही उघडली. तिथं तिरेसाचा छोटासा फोटो हसत बसला होता.

"काय झालं होतं?"

"कचरा होता. झाडला," इओसेफो म्हणाला. त्याला समजावून सांगायचा कंटाळा. "घेऊन जा. तारोची टोपली पुढच्या खेपेला आण."

त्या संध्याकाळी घरीसुद्धा सगळं उघडत होतं. लागीनं स्वतः तपासलं. प्रार्थनेचा शंख वाजला, सगळं गाव घराघरांत बसलं, आणि लागीनं प्रार्थनेत मनापासून मागितलं की रविवारी तिरेसाला हे दिसू दे आणि तिनं ऑगस्टचं नाव काढू नये.

सकाळी ती मळ्यातून आली, हात धुऊन मशीनपुढं बसली, तर बँक बंद. मेल बंद. तिरेसा बंद. पुन्हा तीच पांढरी चौकट.

तिनं इओसेफोला फोन लावला. "काय केलंस रे? एका रात्रीत परत मेलं!"

"माझ्याकडं चालत होतं की नाही?"

"होतं."

"पाद्रिणीकडं तुझी कांडी चालते की नाही?"

"चालते."

"मग मशीन बरं, नेट बरं. दोष तुझ्या घराचा आहे बाई. घर बदल." आणि तो स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

लागीला हसू आलं नाही. घराचा दोष. तिरेसाही हेच म्हणत होती. तिनं चहूकडं पाहिलं. भिंती नसलेलं घर, खांबांना टांगलेल्या झावळ्यांच्या पट्ट्या, वडिलांचा फोटो, तिरेसाच्या लग्नाचा फोटो त्याहून मोठा. तिचा स्वतःचा फोटो कुठं होता? शाळेच्या एका घोळक्यात, मागच्या रांगेत, अर्ध्या चेहऱ्याचा. पलीकडं आई शांतपणे पत्ते खेळत होती. लाल बदाम, काळा किलवर.

*

रविवारी जेवणं झाल्यावर फोन तिरेसाचाच आला. ऑगस्ट दोन आठवड्यांवर होता.

"मी पैसे भरपूर टाकलेत फोनमध्ये," ती म्हणाली. "आज भांडण पुरं झाल्याशिवाय कट होणार नाही. बस मशीनपुढं. मी सांगते तसं कर."

"मला हुकूम सोडू नकोस."

"मग विनंती समज. महाराणी, कृपा करून बस."

लागी बसली. आई मागं चटईवर पडली होती, डोळे मिटून. तिरेसा एकेक विचारू लागली. हे दाब, ते दाब. लागी दाबत होती आणि दर दाबण्याला एक टोमणा देत होती. बातम्या उघडल्या. गाणी उघडली. बँक म्हटल्यावर चौकट आली.

"काय आलं?"

"ती चौकट. मी घालवते तिला."

"घालवते? आजपर्यंत घालवतच होतीस?" तिरेसाचा आवाज चढला. "देवा! लागी, चौकट वाचायची असते. आईनं तुला वाचायला शिकवलं नाही का?"

"तुला शिकवलं, तुझ्यासाठीच दिवाळं काढलं. मला मळ्यात पाठवलं."

"वाच!"

लागीनं वाचलं. दात ओठ खात, शब्द शब्द करत. अर्थ एवढाच होता की या साइटचा परवाना संपलाय किंवा अजून सुरूच झालेला नाही. आपल्या कॉम्प्युटरची तारीख तपासा.

मग तिरेसा हलकेच म्हणाली, "कोपऱ्यात वेळ दिसते ना, तिच्यावर बाण नेऊन ठेव. तारीख येईल."

कोपऱ्यात वेळ तर बरोबर होती. लागी त्या वेळेवरच रोज गोळ्या द्यायची आईला. तारखेसाठी तिथं बाण नेऊन ठेवायचं असतं हे तिला माहीत नव्हतं, कधी गरजही पडली नव्हती. तिनं बाण नेला.

"शुक्रवार," तिनं वाचलं. "तीस डिसेंबर. दोन हजार अकरा."

बाहेर सरकारी डुक्कर झाडाला अंग घासत होतं, तेवढाच आवाज.

"म्हणजे?" शेवटी लागी म्हणाली. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"त्या साइटी मधून मधून नवा परवाना काढतात," तिरेसा सावकाश सांगू लागली. "आमच्या ऑफिसात एकदा असंच झालं होतं. तुझं मशीन म्हणतं, आज तीस डिसेंबर, आणि हा परवाना तर पुढल्या वर्षीचा, आज कसा चालेल? म्हणून दार उघडत नाही. ज्यांनी परवाना नवा केला त्या एकेक करून बंद झाल्या. ज्यांना परवाना लागतच नाही त्या चालू. पण लागी, घड्याळ अडकलं असतं तर वेळही अडकली असती. कुणीतरी रोज तारीख मागं नेतंय."

इओसेफोच्या दुकानात चाललं ते याच्यामुळं. येणाऱ्या प्रत्येक मशीनची तारीख तो आधी सरळ करत असणार. जानेवारीपासून गावोगावची मशीनं चुकलेलीच होती, त्यात सांगण्यासारखं काय? आणि पहाटे लागीच्या आधी या घरात कोण उठतं?

लागी मागं वळली. आईनं डोळे उघडले होते.

"आई. तारीख तू बदलतेस?"

"हो," आई म्हणाली. शाळेत पोरांना उत्तर सांगावं इतक्या सरळ. "रोज सकाळी."

"का?"

"का म्हणजे? माझा वाढदिवस अजून झाला नाही."

"झाला की! तिरेसानं केला ना. दोनशे माणसं, तीन मजली केक..."

"तो त्यांचा दिवस होता. फार सुंदर केला पोरीनं. मी बघितला." आई उठून बसली, गुडघ्यावर हात ठेवून. "पण माझ्या घरात एक डुक्कर वर्षभर माझ्यासाठी पोसलं होतं. ज्या मुलीनं पोसलं तिनं माणसं परत पाठवली. मी म्हटलं, ठीक आहे, रागावलीय. राग जाईल. तोवर दिवस संपला तर? सरकारनं इथला शुक्रवार खाल्ला, एवढ्या एका डब्यात तेवढा उरला होता. म्हटलं, तो आपण धरून ठेवू. लागीचा राग गेला की सोडू."

"मग बोलली का नाहीस?"

"मागून घेतलेला वाढदिवस कसला गं? भीक ती." आईनं चष्मा लावला आणि पडद्याकडं पाहिलं. "त्यामुळं तिरेसा दिसत नव्हती होय? मला काय माहीत. मी दिवस धरला होता, तिला नाही अडवलं."

सात महिने हे म्हातारं माणूस अंधारात उठून, चष्मा लावून, महिना, साल, तारीख एकेक मागं नेत होतं. कुणासाठी? लागीसाठी. घरातल्या एकाही फोटोत जिचा चेहरा पुरता आलेला नाही तिच्यासाठी.

फोन तिच्या हातातच होता. तिरेसानं सगळं ऐकलं होतं.

"त्या दिवशी केक कापला ना," तिरेसा म्हणाली, "तेव्हा मी आईला विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, फार छान. आणि लगेच म्हणाली, आता लागीचं डुक्कर. दोनशे माणसांपुढं, लागी. मी मागं जाऊन भांड्यांच्या खोलीत रडले. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. आईला घेऊन जायचं मी उगाच काढलं नाही. मला वाटलं, इथं आणली तर निदान माझी होईल."

उभ्या आयुष्यात लागीनं एकच मागितलं होतं, की एकदा तरी तिरेसानं आपला हेवा करावा. कसा दिसेल तो हेवा, किती गोड लागेल, हे तिनं मळ्यात वाकून तण उपटताना शंभरदा चाखून पाहिलं होतं. आता तो मिळाला, आणि तिला एवढंच जाणवलं की त्याची चव ओळखीची आहे. रोजचीच.

"तिला म्हणावं, मी येते तिच्याकडं," आई मागून म्हणाली. "कायमची नाही. थोडे महिने. तिचीही पाळी आहे. पण वाढदिवस झाल्यावर. त्याच्या आधी मी या घरातून हलत नाही."

हे ऐकलं आणि लागीच्या मनातली जुनी सवय पुन्हा फणा काढून उभी राहिली. म्हणजे डुक्कर न मारलं तर आई राहील. तारीख न सोडली तर आई राहील. काहीही करायचं नाही. नुसतं रागावलेलं राहायचं, आणि त्यात तर तिचा हातखंडा होता. आई रोज पहाटे उठून तिच्यासाठी तोच शुक्रवार धरत राहील, मरेपर्यंत. ती पडद्याकडं बघत तशीच बसून राहिली.

"लागी?" फोनमधून तिरेसा. "आहेस ना?"

"आहे," लागी म्हणाली. "पुढच्या शनिवारी बस मशीनपुढं. पोट रिकामं ठेवून बस, नुसतंच बघायला मिळणार आहे."

*

सरकारीला धरायला पाच माणसं लागली. सात महिन्यांच्या जादा खोबऱ्यानं ते इतकं माजलं होतं की चुलतभाऊ म्हणाले, सरकारचं खाल्लेलं अंगी लागतं. दगड पहाटेच तापवले. नवी चटई निघाली, उसवलेली कड आत दुमडून. पाद्रीबाबा आले, लोनिसे केक घेऊन आली, इओसेफो तारोच्या टोपलीची आठवण करून द्यायला आला आणि जेवायला थांबला. डुक्कर रीतीनं तोडलं गेलं, ज्याचा जो वाटा तो त्याच्यापुढं गेला. सगळ्यांची पोटं भरल्यावर आई उठून उभी राहिली. म्हणाली, "आज तीस डिसेंबर आहे. कुणाला शंका असेल तर त्या मशीनमध्ये बघा. आज मला पंच्याहत्तर पूर्ण झाली. हे सगळं माझ्या लागीनं केलं."

लोक हसले, मग गायले. लागी त्यावेळी उमूपाशी पानं गोळा करत होती. या खेपेला आईनं हाक मारली तशी ती पुढं आली.

गाणं संपलं तेव्हा आईनं कॉम्प्युटरकडं बोट केलं. "आता सोड त्याला. बिचारा दमला असेल एका जागी उभा राहून. आणि यंदाच्या डिसेंबरात तीस तारीख आहे ना नक्की? सरकारचा दुसरा काही बेत नाही ना? मी तेव्हा परत इथं असणार आहे."

लागी मशीनपुढं बसली. साल पुढं केलं, महिना पुढं केला, तारीख पुढं केली. बटणावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली, आणि मग दाबलं. बँक उघडली. मेल उघडलं, साठलेलं सगळं एकदम. मग ती भेटीची साइट उघडली, पडदा थोडा थरथरला, आणि तिरेसा दिसली.

तिरेसाचे केस कानांवर पांढरे झाले होते. गाल बसले होते. डोळ्यांखाली काळं दिसत होतं, आणि कानामागं एक फूल, थंडीतलं, कुठल्याशा कुंडीतलं. ती आईला शोधत होती. समोर लागीला बघून दचकली.

लागीनं पडद्याला हात लावला.

"वाळलीस गं," ती म्हणाली. "जेवतेस ना नीट?"